सही कुणाची?

गेल्या शनिवारी ताईचा फोन आला. "हुलग्याचे शेंगोळे केलेत, आण्णा पण आलेत गावाहून, ये जेवायला." माणदेशी माणसाला एवढं आमंत्रण पुरतं. औंधचं ट्रॅफिक तुडवत पोचलो. (हे पुण्यातलं औंध. साताऱ्यातलं औंध पुढे येणार आहे, गोंधळ नको :-) )

पोचल्यावर कळलं की शेंगोळे हे आमिष होतं. भाची बारावीला आहे, इंटरनॅशनल शाळेत. तिची बारावी म्हणजे आयबी डिप्लोमा. परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज भरायचे दिवस आलेत आणि अर्जासोबतचा तिचा निबंध मी वाचून द्यावा असा ताईचा हुकूम होता.

वाचायला घेतला. सुरुवातच दुष्काळाने. भेगाळलेली जमीन, टँकरची रांग, आणि १९७२ साली खडी फोडणारे आजोबा. इंग्रजी फर्मास होतं. पण ही पोरगी बाणेरला वाढलेली. माणमध्ये ती जाते मे महिन्यात आठ दिवस, आणि तेव्हाही बिसलेरीचा बॉक्स गाडीच्या डिकीत असतो. मी विचारलं, "हे तुला कुणी सुचवलं?" तर म्हणाली, "मामा, कौन्सेलर म्हणाले की ड्रॉट बॅकग्राउंड असेल तर ते वापर. ते स्ट्राँग असतं."

आण्णा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. आण्णा म्हणजे आमचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभरात पोरांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर हजारांनी सह्या ठोकल्या असतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "समदं खरं. पण ह्या कागदावर सही कुणाची लागती?"

आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो. रात्री गाडी चालवताना मात्र तोच प्रश्न डोक्यात घुमत राहिला आणि रविवार पुस्तकं उपसण्यात गेला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा पटकन कळेल. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ब्राउझरमध्ये छोटं कुलूप दिसतं. बँकेने एक सर्टिफिकेट दाखवलेलं असतं. ब्राउझर बँकेला ओळखत नाही. तो बघतो की या सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे, त्या सही करणाऱ्यावर कुणाची सही आहे, आणि असं करत करत वर अशा एका नावापर्यंत पोचतो ज्याच्यावर त्याचा आधीपासूनच विश्वास आहे. ते नाव सापडलं की कुलूप दिसतं. नाही सापडलं तर लाल रंगाचा इशारा येतो, मग तुमची बँक कितीही सचोटीची असो.

शाळेच्या दाखल्याचं नेमकं हेच आहे. दहिवडीच्या मुलीला किती येतं हे बोस्टनच्या माणसाला कळायला मार्ग नाही. तो फक्त सह्यांची साखळी तपासतो.

आपल्याकडे ही साखळी पहिल्यांदा बांधली गेली १८५७ मध्ये. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली आणि तिन्हींचा साचा लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे स्वतः शिकवण्यापेक्षा परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हे मुख्य काम. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, पण बघता बघता ती अख्ख्या मुलखाची मोजपट्टी झाली. नोकरी असो, लग्न असो, "मुलगा मॅट्रिक आहे का?" (आमच्या गावात अजूनही दहावीला मॅट्रिकच म्हणतात.)

फॉरमॅट लंडनचा असल्यामुळे हा कागद इंग्लंडात वाचता यायचा. पण वाचता येणं वेगळं आणि मान्य होणं वेगळं. र. पु. परांजपे मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन केंब्रिजला गेले, आणि तिथे त्यांनी पुन्हा पदवीचाच अभ्यासक्रम केला. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले, हा इतिहास आपल्याला शाळेत अभिमानाने सांगतात. मुंबईच्या पदवीची केंब्रिजला किंमत काय होती, हे कुणी सांगत नाही.

आता त्याच्याही आधीची गोष्ट. जिच्याकडे कुठलाच कागद नव्हता तिची.

आनंदीबाई जोशी. जन्म १८६५. लग्न नवव्या वर्षी. नवऱ्याने, गोपाळरावांनी, घरी शिकवलं. ना मॅट्रिक, ना कुठल्या कॉलेजची पायरी. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते वाचलं, आपणहून पत्र लिहिलं, आणि आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीने निघाल्या त्या थेट त्यांच्या घरी. तिथून जून १८८३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पूर्ण करू शकणार नाही, हे त्यात त्यांनी सरळ कबूल केलंय. मग आपलं काय शिकून झालंय ते सांगितलंय, आणि शेवटी आपण का आलोय ते. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय.

कॉलेजने प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, गेल्या.

आज कॉलेजं जो "पर्सनल एसे" मागतात त्याचं हे मराठी माणसाने लिहिलेलं फार जुनं उदाहरण म्हणायला हरकत नाही. आणि बघा ना, त्यातला प्रत्येक शब्द त्यांचा स्वतःचा होता. बाळंतपणात मूल गमावलेली ती स्वतः होती. पण इथेही साखळी आहेच. मिसेस कार्पेंटर नसत्या तर पत्र कुठून निघालं असतं आणि कोणी वाचलं असतं? कागद नव्हता, पण एक माणूस होता.

आता आपल्या मुलखात येऊ.

साताऱ्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरमध्ये १९१४ हा अनुक्रमांक आहे. तारीख ७ नोव्हेंबर १९००. नाव भिवा रामजी आंबेडकर, आणि पुढे त्या छोट्या मुलाची सही. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

त्या सहीनंतर साधारण वर्षभराने घडलेला एक प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलाय. वडील तेव्हा खटाव तालुक्यात खजिनदार होते. दुष्काळात माणसं मरत होती आणि त्यांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. खटाव म्हणजे माणचा शेजारी तालुका, दुष्काळ दोघांचा सामाईक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या बोलीवर एक जण तयार झाला. बरोबर खायला भरपूर होतं, पण रात्रभर प्यायला पाणी कुणी दिलं नाही.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या भागात पाणी नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पाणी असूनही मिळत नाही, असाही एक दुष्काळ याच रस्त्यावर होता, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९०७ मध्ये हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. मार्क ७५० पैकी २८२. म्हणजे सदतीस पूर्णांक सहा टक्के. आजच्या कुठल्याही ऑनलाइन फॉर्मने हा आकडा टाकल्याबरोबर "यू आर नॉट एलिजिबल" म्हणून परत पाठवलं असतं. अर्थात तेव्हाची मॅट्रिक वेगळी, मार्क देण्याची पद्धत वेगळी, हे मान्य. पण आकडा जर एकटाच बोलत असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

संपली नाही, कारण कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी या मुलाला बागेत वाचत बसलेलं पाहिलं होतं. पुढे पैशावाचून शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला तो त्यांनीच. बडोद्याकडून महिना २५ रुपये सुरू झाले. १९१२ मध्ये बी.ए., आणि १९१३ मध्ये बडोद्याचीच परदेशी शिष्यवृत्ती. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार असा की परत येऊन १० वर्षं संस्थानची नोकरी करायची.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम.ए. झालं. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आणि ग्रेज इनला गेले. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे परळच्या चाळीतला मुलगा लंडनला पोचेपर्यंत साखळी अशी झाली: केळुसकर, सयाजीराव, सेलिग्मन. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. लंडनचा उरलेला अभ्यास पुरा करायला ते १९२० मध्ये परत गेले, ते स्वतः साठवलेले पैसे, मित्र नवल भथेनांकडून उसने आणि शाहू महाराजांची मदत, अशी मोळी बांधून.

मधल्या काळात करारानुसार ते बडोद्यात नोकरीला हजर झाले. एक पारशी धर्मशाळा सोडली तर राहायला जागा मिळाली नाही, आणि तिथूनही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कोलंबियाची सही जगात चालत होती, आणि बडोद्यात एक खोली मिळवायला पुरत नव्हती. त्या आठवणींच्या नावात 'व्हिसा' हा शब्द का आहे हे तेव्हा कळतं. व्हिसा त्यांना अमेरिकेचा नको होता. स्वतःच्या मुलखाचा हवा होता.

असो. आता साताऱ्यातलं औंध.

औंध हे छोटंसं संस्थान. राजधानी खटाव तालुक्यात, पण मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. माणला लागून असलेलं आटपाडी औंधचंच, आणि तिकडे कुंडलही औंधचंच. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळावरून लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव आणि चुलतभाऊ माधव १९२२ मध्ये अमेरिकेला गेले, बोस्टनजवळच्या एमआयटीत. शंतनुराव १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आले आणि त्यांनी पुढे काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

राजांचा मुलगा आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकला. परत येऊन १९३९ मध्ये औंधमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने जो लोकराज्याचा प्रयोग झाला त्यात पुढे होता. स्वातंत्र्यानंतर तो भारताचा लंडनमधला हायकमिशनरही झाला.

दोन्ही मुलं हुशार, दोघांनीही जे शिकले ते या मुलखात आणून लावलं. त्यांचं श्रेय कमी करायचं नाही. पण त्यांच्या अर्जामागे कारखाना होता, संस्थान होतं. सही शोधत फिरावं लागलं नाही. ती घरातच होती.

थोडक्यात काय, १९६० पर्यंत जगभर हाच मामला होता. प्रत्येक देशाची परीक्षा वेगळी, आणि दुसऱ्या देशात ती चालेल की नाही हे कोण ओळखीचं आहे यावर ठरायचं. याचा खरा त्रास व्हायचा तो जिनिव्हासारख्या ठिकाणी. तिथे १९२४ मध्ये राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी एक इंटरनॅशनल स्कूल निघालं होतं. एकाच वर्गातली मुलं. एकाला फ्रेंच परीक्षा द्यायचीय, दुसऱ्याला इंग्लिश ए लेव्हल, तिसऱ्याला अमेरिकन, चौथ्याला स्विस. मास्तरांचा जीव मेटाकुटीला. त्यातून एक सामाईक परीक्षा काढायची कल्पना निघाली, आणि १९६८ मध्ये जिनिव्हातच आयबीची संस्था स्थापन झाली.

सहा विषय, प्रत्येकी सात गुण. ज्ञानाचा सिद्धांत आणि चार हजार शब्दांपर्यंतचा दीर्घ निबंध मिळून आणखी तीन. एकूण ४५. पेपर तपासणारा दुसऱ्या देशातला, मुलाचं नाव-गाव त्याला ठाऊक नाही. भारतात कोडाईकनालच्या शाळेने १९७६ मध्ये ती सुरू केली आणि १९८३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघाने बारावीच्या बरोबरीची मानली.

इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना मनापासून आवडते. ओळखीच्या माणसाच्या जागी एक स्टँडर्ड आणलं. केळुसकर भेटण्यावर कुणाचं नशीब अवलंबून नको, हा विचार सुंदरच आहे.

पण ज्यांच्यासाठी ते बनलं ती मुलं कोण होती हे विसरू नका. बदलीच्या नोकरीतल्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांची मुलं. आज आपल्या शहरांत ती शाळा ज्यांना परवडते ते आम्ही, आयटीवाले वगैरे. वर्षाची फी लाखांत. स्टँडर्ड खुलं आहे, पण लायसन्स महाग आहे.

आणि गंमत म्हणजे माणूस त्यातून गेलेलाच नाही. भाचीचा निकाल लागणार जुलैमध्ये. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज जातात त्याच्या आदल्या ऑक्टोबरात, अमेरिकेचे बहुतेक जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे अर्ज वाचला जातो तेव्हा निकाल अस्तित्वातच नसतो. मग काय पाठवतात? शाळेने वर्तवलेले गुण, त्याला प्रेडिक्टेड ग्रेड म्हणतात. सोबत शिक्षकांची शिफारसपत्रं आणि शाळेच्या कौन्सेलरचं पत्र. इंग्लंडची विद्यापीठं त्यावर अट घालून जागा देतात, की शेवटी इतके गुण आले तरच ये. आण्णांचा प्रश्न बावळट नव्हता. सही अजूनही लागतेच. फरक एवढाच की ती सही करणारा आता फीमध्ये येतो.

राज्य मंडळाच्या बारावीचं काय? अनेक ब्रिटिश विद्यापीठं सीबीएसई आणि आयएससीला एक टक्केवारी लावतात आणि राज्य मंडळांना वेगळी, बहुधा त्याहून चढी. काही ती घेतच नाहीत. पोरीला गणित किती येतं याच्याशी याचा संबंध नाही. साखळीत वरचं नाव कुठलं, हा प्रश्न आहे.

आपल्या सरकारनेही एकदा प्रयत्न करून पाहिला. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ सुरू झालं. पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदांच्या वगैरे १३ शाळा. कल्पना अशी की गावातल्या मुलालाही जागतिक दर्जाचा कागद मिळावा. मराठीतून शिकत मिळावा. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर मंडळ गुंडाळलं गेलं. चांगलं होतं की वाईट, या वादात मी पडत नाही. पण सह्यांची पत तयार व्हायला पिढ्या लागतात, आणि दोन वर्षांत ब्राउझरसुद्धा नव्या नावावर विश्वास ठेवत नाही.

शिष्यवृत्त्या आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज १९५४-५५ पासून आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. म्हणजे बारावीनंतर लगेच जायचं असेल तर या दारांवर "नंतर या" अशी पाटी आहे.

एक दार मात्र बारावीच्याही आधी उघडतं, आणि त्याबद्दल मला लिहायचंच आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक आहे.

मुळशी खोऱ्यात, पौडच्या पुढे डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. १९९७ मध्ये सुरू झालं. ही साखळी निघाली १९६२ मध्ये वेल्सच्या अटलांटिक कॉलेजपासून. जगभरातून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन वर्षं एकत्र राहून आयबी करतात. निवड राष्ट्रीय समिती करते आणि घरची ऐपत बघून शिष्यवृत्ती ठरते. या कॉलेजांतून निघालेल्यांसाठी २००० मध्ये अमेरिकेत डेव्हिस शिष्यवृत्ती सुरू झाली. आधी प्रिन्स्टन, मिडलबरी, वेलस्ली, कोल्बी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिक ही पाचच कॉलेजं होती, आता ती शंभराच्या घरात आहेत. म्हणजे कागद आणि पैसे, दोन्हींची साखळी एकत्र बांधलेली. सगळ्यांना जागा मिळते असं अजिबात नाही, स्पर्धा जीवघेणी आहे. पण दार आहे. आणि दहिवडीहून एसटीने पुणे, पुण्याहून पौड, एका दिवसात पोचता येतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी गावातली एक मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. आण्णांनी तिला माझ्याकडे पाठवलं. तिने विचारलं, "दादा, बाहेर शिकायला जायचं असंल तर काय करावं लागतं?" बाहेर म्हणजे बाहेरदेशी. मी अगदी शहाण्यासारखं सांगितलं, "आधी इथे ग्रॅज्युएशन कर, मग बघू." मुळशीच्या कॉलेजचं नाव मला माहीत होतं. हिंजवडीतल्या ऑफिसातून ते तासाभराच्या अंतरावर. पण ते "आपल्यातल्यांसाठी" नसणार असं मी धरून चाललो. चौकशी केली नाही. लिंक उघडून वाचायला दहा मिनिटंही लागली नसती. आता तिचं वय निघून गेलं. केळुसकरांकडे इंटरनेट नव्हतं. माझ्याकडे होतं.

ती मुलगी आता पुण्यात एका कॉलेजात एमएस्सी करतेय. दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करायचाय, शिफारसपत्रं हवीत. एका सरांकडे गेली तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आता हे आपल्याकडे सर्रास चालतं. सरांना वेळ नसतो, मुलं लिहून नेतात. मी स्वतः तसंच केलंय. तिने मला विचारलं, "दादा, माझं कौतुक मीच कसं लिहू?"

सही मिळाली, पण तिच्या मागे माणूस नाही. सेलिग्मननी आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतः पत्र लिहिलं होतं. त्या पत्राला वजन कोलंबियाच्या शिक्क्याचं होतंच, पण सही करणाऱ्याला आपण कुणाबद्दल लिहितोय हे माहीत होतं, हे वजन वेगळं. तिला मी सांगितलं की सरांकडे परत जा, तू केलेलं प्रोजेक्ट त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांना अर्धा तास माग. ती दोनदा गेली. तिसऱ्यांदा सर बसले आणि त्यांनी स्वतः लिहिलं. एक पान. तिने मला वाचून दाखवलं तेव्हा आवाज कापत होता. माझंही तेच.

आता भाचीच्या निबंधाकडे येतो. रविवारी संध्याकाळी परत ताईकडे गेलो. आण्णांना म्हणालो, ७२ चं सांगा. त्यांनी सांगितलं. तेव्हा ते सतरा वर्षांचे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची. मस्टरवर बाकी सगळे अंगठा लावायचे, हे सही करायचे. ते बघून मुकादमाने विचारलं, "लिवता येतं का रं?" आणि दुसऱ्या दिवसापासून हातोड्याऐवजी हजेरीची वही हातात दिली. पुढे त्याच माणसाने डी.एड.ची माहिती आणून दिली. "त्यो मुकादम नसता तर म्या अजून खडीच फोडीत असतो," आण्णा म्हणाले. हे मला चाळीशीत पहिल्यांदा कळलं.

भाची गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "हे तर खूपच स्ट्राँग आहे."

"हाय ना," आण्णा म्हणाले. "पर त्ये माझं हाय. तुझं काय हाय त्ये लिव्ह."

तिने लॅपटॉप बंद केला. चेहरा पडला होता. ताई माझ्याकडे रागाने बघत होती, तारीख जवळ आलीय म्हणून. काल रात्री भाचीने नवा निबंध पाठवलाय. गावाला जाताना डिकीत बिसलेरी घेऊन जाण्याबद्दल आहे. इंग्रजी आधीच्याइतकं फर्मास नाही, शेवट अजून जमलेला नाही, आणि कौन्सेलरना तो आवडलेला नाही. मला आवडला.

खाली सही तिची आहे.